काडी आणि कोय

माघातल्या एका सकाळी जयवंतबाबा करवत घेऊन गोठ्यामागं गेले, तर त्यांची सून रत्ना आंब्याच्या झाडाला पाठ लावून उभी होती. हातात शेणाची पाटी होती. पण ती शेण टाकायला आलेली नाही, हे बाबांच्या लगेच ध्यानात आलं. पाटी रिकामी होती.

"उन्हं वर यायच्या आत उरकून घेतो," बाबा दुसरीकडं बघत म्हणाले.

रत्ना जागची हलली नाही. "मामा, येक मोहोर येऊ द्या याला," ती म्हणाली. "येकच. मग तुमी म्हणाल तसं."

बाबा बोलण्यात पहिल्यापासून कच्चे. सुनेशी वाद घालायची तर सवयच नव्हती. करवतीचे दात अंगठ्यानं चाचपत ते वळले आणि करवत गोठ्याच्या भिंतीला टेकवून ओट्यावर येऊन बसले. रागावले होते असं नाही. उजवा हात थरथरत होता, तो कुणाला दिसू नये म्हणून मांडीखाली दाबून बसले.

त्या हातापायीच सगळी घाई होती.

मढपासून जुन्नरपर्यंतच्या पट्ट्यात जयवंतबाबांना ओळखत नाही असा बागवाला त्या काळात मिळाला नसता. वयाच्या अठराव्या वर्षी ते नारायणगावच्या एका रोपवाटिकेत पाणी घालायच्या कामाला लागले आणि बघून बघून कलम बांधायला शिकले. कोवळ्या खुंटाचा शेंडा उडवायचा, मधोमध चीर पाडायची, चांगल्या आंब्याची पाचरीसारखी तासलेली काडी त्या चिरेत बसवायची, साल सालीला भिडवायची आणि पट्टीनं आवळायचं. सांगायला सोपं. पण बाबांनी बांधलेल्या शंभर कलमांतली नव्वद धरत, आणि इतरांची पन्नास धरली तरी ते पेढे वाटत. ज्या घरांत त्या वेळी त्यांना ओंजळीत वरून पाणी वाढत, त्याच घरांच्या झाडांच्या अंगात त्यांचा हात फिरत असे. याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. झाडाला हात लावला तर ते नाही म्हणत नाही, एवढंच एकदा म्हणाले होते.

लग्न झालं सत्तावन्न साली. आदल्या वर्षी त्यांच्या वडिलांनी, भिमाजींनी, सगळ्या कुटुंबासह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, आणि भटजीवाचून झालेलं वस्तीतलं ते पहिलं लग्न. नवरी जानकाबाई आंबेगावकडची. सासरी येताना वाटेत कुणीतरी हातावर ठेवलेला आंबा तिनं खाल्ला, कोय पदराच्या गाठीत बांधली आणि इथं आल्यावर दारापुढं खड्डा करून पुरली. रोपवाटिकेत काम करणाऱ्या नवऱ्याला ते बघून हसू आलं. कोयीचा काय भरवसा? गोड आंब्याच्या कोयीतून आंबट, टाकाऊ ढोण निघतो, आणि तो ढोण आहे हे कळायला आठ-दहा वर्षं जातात. काडी तसं करत नाही. ज्या झाडाची काडी त्याच झाडाचं फळ, आज आणि शंभर वर्षांनीही. त्यांनी बायकोला हे समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमची झाडं म्हंजे येकच झाड फिरून फिरून. माझं नवं यील."

आलं तेही असं आलं की बाबांची मान खाली गेली. लहानसं फळ, पातळ साल, रस घट्ट, आणि वासाला किंचित जिऱ्याची झाक. जानकाबाईच्या माहेरी रीत होती की ज्यानं कोय लावली त्यानं पहिलं फळ तोंडाला लावायचं नाही. ते दुसऱ्यानं खायचं, आणि झाडाखाली उभं राहून खायचं. असं का, म्हणून बाबांनी विचारलं होतं. "मला काय म्हाईत? रीत हाय," ती म्हणाली होती. मग सहासष्टच्या उन्हाळ्यात बाबांनी झाडाखाली उभं राहून पहिला आंबा खाल्ला. रस कोपरापर्यंत ओघळला, ती बघत उभी राहिली आणि दोघंही पोरांसारखी हसली.

त्र्याण्णवच्या पौषात काविळीचं निमित्त झालं आणि पंधरा दिवसांत जानकाबाई गेली. वस्तीत कुणाचंही मयत असलं तरी वंदना म्हणायला जयवंतबाबांनाच बोलावत. झालेलं सगळं कधीतरी सरणार, अशा अर्थाचे ते शब्द त्यांनी कितीतरी घरांच्या दुःखात खणखणीत म्हटले होते. बायकोच्या वेळी मात्र तोंडातून शब्द फुटला नाही. ओतूरहून दुसऱ्या कुणाला तरी बोलवावं लागलं.

त्यानंतर तीन वर्षांनी दारातल्या आंब्यावर वीज पडली. अर्धं झाड जळालं आणि उरलेल्या अर्ध्यात खोडकिडा शिरला. त्या दिवसापासून बाबांनी मनाशी एकच गोष्ट धरली. जानकाबाईला थांबवणं हातात नव्हतं. पण तिचा आंबा मरू द्यायचा की नाही, हे तर आपल्या हातात होतं, अगदी अक्षरशः हातात.

आणि त्यांनी तो मरू दिला नाही. दर वर्षी जळक्या झाडाच्या जित्या फांदीवरून काड्या काढायच्या आणि दिसेल त्या खुंटावर बांधायच्या. पुढं पुढं नव्या रोपांवर भागेना. रोपाला वाढायला वेळ लागतो, आणि बाबांना वेळ नव्हता. मग त्यांनी लोकांच्या बांधांवरची मोठी रायवळ झाडं धरली. म्हणजे कोयीपासून आपोआप आलेली, प्रत्येकाची चव निराळी असलेली झाडं. त्यांचा शेंडा करवतीनं उतरवायचा, तिथं नवे धुमारे फुटले की त्यांवर काडी चढवायची. खाली जुनी मुळं, वर जानकाबाईचा आंबा. तीन वर्षांत फळ. लोक स्वतः होऊन बोलवायला लागले, कारण आंबा खरोखरच गोड होता आणि बाजारात मागणी होती. त्याला नावही पडलं, जानक्या.

त्यांचा जिवाभावाचा मित्र म्हणजे ओढ्यापलीकडचा हौशीराम. बागाईतदार माणूस, जिभेला हाड नसलेला. "जयवंता," तो एकदा चारचौघांत म्हणाला, "मयताला जाऊन समदं जाणार म्हणून सांगतोस, आन् घरी यिऊन काड्या बांधीत बसतोस. तुजं खरं कोनतं मानायचं राव आमी?" सगळे हसले. बाबाही हसले. पण त्या रात्री जेवण कमी गेलं.

असं करता करता दोन हजार पाच साल उजाडलं. खोऱ्यात दीडशेच्या वर जानक्या उभे राहिले होते. आणि जयवंतबाबांच्या स्वतःच्या दारात एकही नव्हता. दारातलं मूळ झाड चार वर्षांपूर्वी पुरतं वठलं होतं. त्यांची जमीन म्हणजे नुसता मुरूम. जानकाबाईच्या कोयीनं तो फोडला होता, कलमांना जमेना. लावलेलं कलम दोन पावसाळे तग धरी आणि तिसऱ्या उन्हाळ्यात वाळवी त्याला संपवी. चार वेळा लावलं, चार वेळा गेलं. अख्ख्या घराभोवती खोलवर मूळ गेलेलं जितं झाड एकच होतं, गोठ्यामागं उकिरड्याच्या कडेला. ते होतं रत्नाचं.

जानकाबाई गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात रत्ना पोटुशी होती. दारातले आंबे उतरवले, त्यांतला एक तिनं खाल्ला आणि कोय उकिरड्याच्या कडेला पायानं दाबली. मुद्दाम दाबली की सहज, हे तिनं कधी सांगितलं नाही. दिवाळीनंतर प्रज्ञा जन्मली, तोवर त्या कोयीला तांबूस पानं फुटली होती. दोनदा शेळ्यांनी खाल्लं, एकदा बैलगाडी मागं घेताना मोडलं, पण खताची जमीन लागल्यामुळं झाडानं मूळ खाली सोडलं ते मुरूम फोडून ओलीपर्यंत गेलं. अकरा वर्षांचं झालं, पण मोहोर काही धरत नव्हतं.

बाबांचा हिशेब सरळ होता. त्या झाडावर जानक्या चढवायचा. म्हणजे मग आपल्या दारात, आपल्या मातीत जानकाबाईचा आंबा कायमचा राहील. हात वर्षभरापासून थरथरायला लागला होता. चाकू सरळ चालेना. अजून एक-दोन हंगाम, मग कलम बांधणं संपलं. आणि त्यांच्यासारखी साल सालीला भिडवणारा दुसरा कुणी त्या पट्ट्यात नव्हता.

तरी सुनेच्या शब्दाखातर ते त्या माघात थांबले. मोहोर काही आला नाही.

त्या चैत्रात हौशीरामाच्या आईनं, साळुबाईंनी, निरोप धाडला. वय अठ्ठ्याऐंशी. दात गेलेले, पण कान आणि जीभ शाबूत. बाबा त्यांना आक्का म्हणत. ते गेले तेव्हा आक्का ओट्यावर मीठ-मोहरी पुढं घेऊन बसल्या होत्या.

"जयवंता, लोणच्याला कैरी दे," आक्का म्हणाल्या.

बाबांनी सांगितलं की आता कुठं, सगळीकडं जानक्याच आहे, त्याची कैरी मऊ, लोणच्याला टिकत नाही. मग त्यांना आठवलं, आणि ते बोलता बोलता थांबले. या ओट्यासमोरच एक झाड होतं, आंबट, दगडासारख्या कैरीचं. साऱ्या आळीचं लोणचं त्या झाडावर निघायचं. सहा वर्षांपूर्वी त्यांनीच त्याचा शेंडा उतरवून जानक्या चढवला होता. हौशीरामाच्या सांगण्यावरून, पण हात त्यांचा.

"ते झाड माज्या सासूच्या सासूनं लावलेलं," आक्का म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. मीठ-मोहरी त्यांनी पुन्हा फडक्यात बांधली. "जाऊ दे. ग्वाड खाऊन मरंन म्हनं."

विषय बदलावा म्हणून बाबा म्हणाले की आक्का, तुमी कुठं मरताय, शंभरी गाठणार तुमी.

आक्कांनी त्यांच्याकडं टक लावून बघितलं. "गाठली तर गाठली," त्या म्हणाल्या. "जगावं वाटतं रं मला आजून. खोटं कशाला बोलू? रोज सकाळी वाटतं, आजचा दीस बघावा. पर कायमचं म्हनशील तर नगं. मला साळे म्हनून हाक मारनारं येक माणूस उरलं न्हाई. समद्यांची मी आक्का न्हाईतर आजी. बाजार उठल्यावर बी येकटीच पाटी मांडून बसल्यावाणी वाटतं कदी कदी."

"समदीच ऱ्हायली असती तर?" बाबांनी विचारलं. त्यांना खरंच विचारायचं होतं.

"समदी? माजी सासू बी?" आक्का तोंडाला पदर लावून हसल्या, आणि मग हसू आवरून म्हणाल्या, "माजी सासू आजून जिती असती, तर तुजा पाय या वट्याला लागला नसता, जयवंता. तुला पानी वरून मीच वाढलंय, तिच्या धाकानं. आन् धाक कशाला म्हनू, मला बी तेच खरं वाटायचं. ती गेली, हळूहळू माज्यातलं बी ते गेलं. मरनाचा येवढा तरी उपकार मान की."

आक्कांनी सुनेला हाक मारली, चहा आला, आणि त्यांनी कप स्वतःच्या हातानं बाबांच्या हातात दिला. असा तो त्या गेली कित्येक वर्षं देतच होत्या. पण त्या दिवशी बाबांनी तो कप जरा वेळ तसाच धरून ठेवला.

माणूस एका चहानं बदलत नाही. पुढचा माघ आला, बाबांनी करवतीला धार लावली. हात आणखी बिघडला होता. सदऱ्याची गुंडी लावायला दोन-तीन खेपा लागत. मुलगा राजरत्न ओतूरला एका वर्कशॉपमध्ये कामाला होता. तो सकाळी जीप पकडायला गेला की मग काम उरकू, म्हणजे घरात वाद नको, असा विचार करून बाबा गोठ्यामागं गेले. रत्ना तिथं नव्हती. त्यांनी करवत फांदीला लावली, दोन-तीन ओढा मारल्या. पांढरा भुसा पडला आणि कच्च्या आंब्याचा वास सुटला.

"मोहोर आला न्हाई म्हणून ना?" मागून रत्नाचा आवाज आला.

"वर्स दिलं व्हतं तुला," बाबा म्हणाले.

"तुमी वर्स दिलंत. मी मोहोर मागितला व्हता."

बाबांनी मग कधी नव्हे ते बोलायला तोंड उघडलं. तुटक तुटक, मान खाली घालून. हा हात गेला की संपलं. लोकांच्या बांधावर आहे तिचा आंबा, पण लोक काय, उद्या दुसरी जात चढवतील. गेल्या उन्हाळ्यात बाजारात एकजण विचारत होता की जानक्या म्हणजे काय हो, तर विकणारा म्हणाला, जातीचं नाव आहे. तिचं म्हणून काही उरायला हवं की नको? आपल्या दारात तरी?

रत्ना सगळं ऐकून घेत होती. अंगणातून प्रज्ञाचा आवाज येत होता. ती शाळेत जायच्या आधी कुठलीशी कविता मोठ्यानं घोकत होती आणि तिसऱ्या ओळीवर दर वेळी अडत होती.

"मामा," रत्ना हळू म्हणाली, "प्रज्ञाचं नाक आत्याबाईंचं हाय. तुमीच म्हणता. बाकी समदं तिचं तिचं. मग काय नाकाखालचं, नाकावरचं कापून तिथं आत्याबाई बसवायच्या का?"

बाबांनी करवत थांबवली. पण काढली नाही. दात फांदीत तसेच रुतलेले.

"हे झाड आत्याबाईंच्याच कोयीचं हाय," ती म्हणाली. "त्यांची नातच की ही. तुमी तिला येकदा बी बोलू दिलं न्हाई."

मग बाबांनी करवत फांदीतून सोडवली आणि कापल्या जागेवर शेणमाती लिंपायला घेतली. रत्नानं पुढं होऊन उरलेलं लिंपलं.

त्या वर्षी खोऱ्यातल्या जानक्यांना असा मोहोर आला की पानं दिसेनात. सगळ्यांना एकाच पंधरवड्यात. येणारच. दीडशे झाडं दिसायला, पण झाड एकच होतं ना. फाल्गुनाच्या तोंडाशी ढग दाटले, दोन दिवस कोंदट हवा राहिली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी गारा पडल्या. पाऊण तास. उरल्यासुरल्या मोहोरावर आठवड्यात भुरीची बुरशी आली. बाबा बांधाबांधानं फिरले. काळे पडलेले तुरे हाताला लागताच गळत होते. मढपासून ओढ्यापर्यंत एका झाडावर बोराएवढी कैरी नव्हती.

हौशीराम आपल्या बागेत दगडावर बसलेला होता. "ये," तो म्हणाला. "समद्या गावानं येकाच मुहूर्तावर लगीन काढलं, आन् नेमका त्याच दिवशी पाऊस. जेवान वाया, वराड उपाशी."

बाबा त्याच्याशेजारी बसले. पूर्वी असं होत नसे, ही गोष्ट दोघांनाही आठवत होती. पूर्वी एक झाड पौषात मोहरे, एक माघात, एखादं म्हातारं चैत्र लागल्यावर. शेंदऱ्या गेला तर खोबऱ्या उरे, खोबऱ्या गेला तर आंबट्या. कधी पोटभर, कधी पोरांपुरता, पण आंबा नाही असं वर्ष नव्हतं.

"मी केलं हे," बाबा म्हणाले.

"तू केलंस, पर बोलवायला आमीच आलतो." हौशीरामानं तंबाखू मळली आणि अर्धी बाबांच्या तळहातावर ठेवली. "जानकावैनींना आवडलं नसतं बग हे. त्या कुनाची जागा अडवणाऱ्या न्हवत्या."

एवढंच तो म्हणाला. पण बाबा घरी परतताना वाटेत दोनदा थांबले. तिची जागा राखायला म्हणून आपण काय काय उठवलं, ते मोजायला लागले आणि मोजता मोजता नावंच आठवेनात. एक आंबा होता पाणवठ्याशेजारचा, बडीशेपेच्या वासाचा, त्याचं नावही आठवेना. त्याची काडी कुणीच ठेवली नव्हती.

चैत्र लागायला चार दिवस असतील. प्रज्ञा पळत आली आणि आजोबांचा हात धरून त्यांना गोठ्यामागं घेऊन गेली. रत्नाच्या झाडाला तुरे फुटले होते. फार नाही, सात-आठ. रंग जानक्यासारखा पिवळट नव्हता, लालसर होता. बाबा खाली बसले. डोळ्यांवर हात धरून वर बघत बसले, ते रत्नानं भाकरीसाठी दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा उठले.

वैशाखात कैऱ्या मुठीएवढ्या झाल्या. घट्ट, हिरव्यागार. रत्नानं त्यांतल्या सहा तोडून परडीत घातल्या आणि ओढ्यापलीकडं साळुबाईंकडं नेऊन दिल्या. आक्कांनी एक फोड हिरड्यांखाली धरली आणि डोळे गच्च मिटले. मग म्हणाल्या म्हणे, की माझ्या आंबट्याची नाही ही, पण जिभेशी भांडायला बरी आहे. लोणचं घातलं. बरणीवर फडकं बांधताना सुनेला बजावलं, की मुरायला दोन महिने लागतील, तोवर मला काही होत नाही, चिंता करू नका.

झाडावर राहिले अकरा आंबे. ज्येष्ठ सरता सरता त्यांतल्या दोघांना देठापाशी पिवळी झाक आली. रत्नानं ते उतरवले, दोन दिवस तांदळात ठेवले, आणि एका सकाळी मोठा धुऊन बाबांपुढं धरला.

"मी कोय लावली," ती म्हणाली. "मला चालत न्हाई. आत्याबाईंनी सांगितलं व्हतं मला."

बाबांना वाटलं होतं, ही रीत आता आपल्यापाशीच उरली आहे. ते उठले, गोठ्यामागं गेले, झाडाखाली उभे राहिले. रत्ना आणि प्रज्ञा बघत उभ्या. हौशीराम आक्कांची रिकामी परडी परत करायला आला होता, तोही बघत उभा राहिला. बाबांनी दोन्ही हातांनी आंबा धरला, चोळून मऊ केला, देठ काढून चीक पिळून टाकला आणि तोंडाला लावला.

पहिल्या घोटात ते जिऱ्याचा वास शोधत होते. तो नव्हता. दुसऱ्या घोटातही नव्हता. सालीपाशी आंबटसर काहीतरी होतं, त्याच्यामागून मंद गोडी येत होती, आणि वास कसला ते सांगता येत नव्हतं, कारण तसा वास त्यांनी कधी घेतलाच नव्हता. एकावन्न वर्षं आंब्यांत काढलेल्या माणसानं. त्यांनी शोधायचं सोडून दिलं आणि नुसता खायला लागले. रस मनगटावरून कोपराकडं ओघळला. आणि त्यांना हसू फुटलं, मोठ्यानं, सहासष्ट साली फुटलं होतं तसं.

"कसाय?" रत्नानं विचारलं.

"नवा हाय," बाबा म्हणाले.

हौशीरामाला दुसरा, बारका आंबा मिळाला. त्यानं कोयीवरचा शेवटचा धागा निघेपर्यंत चोखला, मिशी पुसली आणि लगेच कामाचं बोलला. याच्या चार काड्या दे जयवंता, हात कापतोय तर मी धरतो, तू नुसता चाकू चालव. वट्यापुढच्या झाडावर चढवू. हा फाल्गुन सरता सरता मोहरतो, गारा चुकवतो. दोन वर्षांत सगळ्या खोऱ्यात करून टाकू.

बाबांचा उजवा हात नकळत खिशाकडं गेला. चाकू तिथंच होता, पन्नास वर्षं होता तिथं. त्यांनी तो चाचपला आणि हात रिकामाच बाहेर काढला.

"काडी न्हाई देणार," ते म्हणाले. "तुज्या हातात हाय ती कोय ने."

"कोय?" हौशीरामानं हातातल्या कोयीकडं बघितलं. "आन् ढोण निगाला मंग?"

"निगंल. आक्काचा आंबट्या बी कुनाचा तरी ढोणच व्हता."

"आरं पर धा वर्सं लागत्याल. मी सदुसष्टीचा गडी. फळ बघायला मी असंन का?"

"तुला खायला कुनी सांगितलंय?" बाबा म्हणाले. "लावणाऱ्यानं पहिला खायचा नस्तोच."

रत्ना हसली, तसा हौशीरामही हसला. कोय त्यानं धोतराच्या सोग्यात गुंडाळली आणि ओढ्याकडं निघाला. निघताना म्हणत होता की घरी म्हातारी विचारील, परडी द्यायला गेलास आणि उष्टी कोय घेऊन आलास, तर तिला काय सांगू.

त्याच आठवड्यात जयवंतबाबांनी राजरत्नाला सुट्टीच्या दिवशी थांबवून घेतलं आणि दारातला वठलेला बुंधा दोघांनी मिळून पाडला. लाकूड वाळून खडखडीत झालं होतं. रत्नाला पावसाळाभर सरपण पुरलं. बुंध्याच्या जागी खड्डा राहिला, त्यात प्रज्ञानं, कुणी न सांगता, दोन कोया टाकल्या. बाबांनी ते पाहिलं. खड्ड्यात उकिरड्यावरचं खत घालायला हवं, एवढं मात्र तिला सांगितलं, आणि पाटी आणायला स्वतःच उठले.